पाठ उलटून पाहा : नवाहो चांदी, पिरोजा आणि शिंपले

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या नवाहो आणि झुनी या मूळ रहिवासी जमातींच्या चांदीच्या जडावकामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी नऊ या अंकात घेतली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (फिनिक्स, ॲरिझोना) : जुन्या सामानाच्या विक्रीत चांदीचं रुंद कडं मिळालं. मधोमध पिरोजा, पोवळं, काळा दगड आणि पांढरा शिंपला जडवून सूर्याचा चेहरा केला आहे. आतून ‘स्टर्लिंग’ असा ठसा आणि दोन अक्षरं आहेत. विकणारा म्हणाला, ‘१९२० सालचं नवाहो, ओल्ड पॉन.’ यातलं खरं किती धरायचं?

उत्तर : कडं चांगलं असू शकेल, पण त्यासोबत मिळालेली माहिती तीन ठिकाणी अडखळते.

आधी सूर्याचा चेहरा. हा झुनी लोकांचा नमुना आहे. दगड आणि शिंपल्यांचे कापलेले तुकडे एकमेकांना भिडवून चित्र उभं करण्यात झुनींचा हात बसलेला. नवाहो मुळात धातूचे कारागीर. त्यांनी लोहारकाम आणि पाठोपाठ चांदीकाम मेक्सिकन कारागिरांकडून उचललं, आणि १८७०च्या दशकात नवाहो सोनारांकडून ते झुनींकडे गेलं. मात्र या दोघांत काटेकोर भिंत नाही. झुनी गावात सी. जी. वॉलेस नावाचा व्यापारी होता. त्याच्याकडे झुनी माणसाने कापलेली जडण नवाहो सोनाराने चांदीत बसवली, असे कितीतरी दागिने झाले. त्यामुळे ‘नवाहो की झुनी?’ याचं उत्तर काही वेळा ‘दोघेही’ असंच येतं.

दुसरी गोष्ट सालाची. चांदीत बसवलेली अशी चित्रजडण १९३०च्या दशकापासून रुळली. ‘स्टर्लिंग’, म्हणजे ९२५ शुद्धतेची चांदी, हा ठसाही साधारण तेव्हापासून दिसू लागतो, आणि कारागिराची नावाची अक्षरं दुसऱ्या महायुद्धाआधी विरळाच. १९७०च्या दशकात अमेरिकेत या दागिन्यांची लाट आली, तेव्हा सही मारणं सर्रास झालं. ठसा, अक्षरं आणि सूर्य तिन्ही एकत्र असतील तर तुमचं कडं १९५० ते १९८० यांच्या दरम्यानचं असण्याची शक्यता जास्त. त्यात कमीपणा काही नाही. उत्तम झुनी जडण याच काळात झाली.

तिसरी गोष्ट ‘ओल्ड पॉन’, म्हणजे जुनं गहाण. नवाहो घरात दागिना हीच बचत असे. लोकर किंवा मेंढरं विकायच्या हंगामापर्यंत तो व्यापाऱ्याकडे ठेवून पीठ, साखर, कापड उचलायचं आणि हाती पैसे आले की सोडवायचा. सावकाराच्या तिजोरीतली पाटली आठवा, म्हणजे हे वेगळं समजावून सांगायला नको. मुदतीत न सुटलेला दागिना ‘मेलेलं गहाण’ ठरून विकला जाई. आज मात्र हा शब्द भाव चढवायला वापरतात. गहाणाची चिठ्ठी लटकत असली तरी चिठ्ठीची दोरी एका दागिन्यावरून सोडून दुसऱ्यावर बांधायला कितीसा वेळ लागतो?

आता कडं उलटा आणि दहापट भिंग लावा. हाताने मारलेल्या ठशांमधलं अंतर थोडं कमीजास्त असतं, एखादा ठसा तिरका पडतो, त्याची कड तीक्ष्ण असते. साच्यात ओतलेल्या नकलेत ठशांच्या कडा गोलसर आणि बोथट दिसतात, पाठीवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतात. खरी झीज आतल्या बाजूला टोकांपाशी असते, कारण मनगट तिथे घासतं. सगळीकडे सारखं काळपट दिसत असेल तर ते रसायनाने केलेलं.

प्रश्न (बोरिवली) : माझ्या अंगठीवर कसलाच ठसा नाही. सराफाने कस लावून ‘९२५ भरत नाही’ असं सांगितलं. म्हणजे फसवणूक झाली का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. सुरुवातीचं नवाहो चांदीकाम नाणी आटवून होत असे. अमेरिकन डॉलर ९०० शुद्धतेचा, मेक्सिकन पेसो त्याहून किंचित वर. अमेरिकन नाणी आटवण्यावर बंदी आल्यावर पेसो वापरले गेले, आणि १९३०च्या सुमारास पेसो मिळेनासे झाल्यावर व्यापारी एक औंसाच्या चांदीच्या तयार वड्या आणि पत्रा पुरवू लागले. तेव्हा कस ९००च्या आसपास लागला आणि ठसा नसला तर ती जुनेपणाची बाजू झाली, खोटेपणाची नव्हे. कस ८००च्याही खाली गेला तर मात्र शंका घ्या. पिवळसर राखाडी झाक असेल तर तो जर्मन सिल्व्हर असेल, त्यात चांदी औषधालाही नसते. आपला बीआयएस हॉलमार्क या वस्तूवर शोधू नका.

एक ठसा मात्र मुद्दाम शोधण्याजोगा आहे. अमेरिकन सरकारच्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स बोर्डाने १९३८पासून काही वर्षं ‘यू. एस. नवाहो’, ‘यू. एस. झुनी’ असे आकड्यासहित ठसे चालवले. हातकाम आणि चांदीची शुद्धता तपासूनच ते मारले जात, म्हणून असे दागिने कमी आहेत आणि महागही.

प्रश्न (सातारा) : वाळवंटातल्या लोकांच्या दागिन्यांत समुद्राचा शिंपला आला कुठून?

उत्तर : व्यापारातून, आणि चांदीच्या कितीतरी आधी. कॅलिफोर्नियाच्या आखातातला काटेरी शिंपला शेकडो किलोमीटर आत जाई. ॲरिझोनातल्या होहोकाम लोकांच्या वस्तीत शिंपल्यावर पिरोजा चिकटवलेली जडण सापडली आहे. नवाहोंच्या श्रद्धेत तर चार दिशांना चार पर्वत आणि त्यांना जोडलेली चार द्रव्यं आहेत : पूर्वेला पांढरा शिंपला, दक्षिणेला पिरोजा, पश्चिमेला अबलोनी शिंपला, उत्तरेला काळा जेट. एकाच दागिन्यात पांढरा, निळा, रंग खेळवणारा आणि काळा असे चार तुकडे दिसले तर ती नुसती रंगसंगती समजू नका. केशरी, लाल, जांभळा दिसणारा भाग बहुधा काटेरी शिंपल्याचा असतो. पोवळं भूमध्य समुद्रातलं, व्यापाऱ्यांनी आणलेलं.

प्रश्न (डोंबिवली) : पिरोजा खरा की खोटा हे गरम सुई टोचून कळतं, असं व्हिडिओत पाहिलं. करून पाहू का?

उत्तर : अजिबात नको. राळ भरलेला खरा दगडही सुईखाली वास सोडतो, आणि डाग कायमचा राहतो. ॲसिटोनचा बोळाही जडावावर फिरवू नका. खालचा गोंद सैल होऊन शेजारचे चार तुकडे हलतील.

मुळात प्रश्न ‘खरा की खोटा’ एवढा सरळ नाही, मध्ये पायऱ्या आहेत. पहिली, खाणीतून काढून नुसता कापलेला दगड. दुसरी, भुसभुशीत पण खऱ्या दगडात दाबाखाली राळ मुरवून घट्ट केलेला. तिसरी, दगडाचा भुगा राळेत कालवून थापलेली वीट. चौथीत दगड नसतोच, रंगवलेलं प्लास्टिक असतं. त्याला बाजारात ‘ब्लॉक’ म्हणतात. यांच्या जोडीला हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट हे पांढरे दगड निळे रंगवून विकतात.

जडावकामात दुसऱ्या पायरीच्या दगडाला आम्ही नावं ठेवत नाही. दोन-अडीच मिलिमीटरच्या कापात कच्चा पिरोजा कडेला ढासळतो आणि फट राहते, म्हणून कारागीरच घट्ट केलेला पसंत करतात. तो ‘नैसर्गिक’ म्हणून विकला, तर ती लबाडी.

भिंगातून दगडावरच्या काळ्या-तपकिरी रेषा पाहा. खऱ्या दगडात त्या जाडबारीक होत जातात, पृष्ठभागाच्या किंचित खाली-वर असतात आणि तुकड्याच्या कडेतून आत उतरताना दिसतात. ब्लॉकमध्ये रेषा कुंचल्याने ओढल्यासारखी असते आणि रंग सगळ्या तुकड्यांत तंतोतंत एक. रंगवलेल्या हाउलाइटमध्ये रंग भेगांत साठतो आणि घासल्या कडेला पांढरं उघडं पडतं. गालाला लावून पाहा : दगड गार लागतो, प्लास्टिक कोमट. काळ्या रंगाला मात्र ही खूण उलटी लागू होते. जेट ही जुन्या लाकडाची कोळशासारखी झालेली जात, त्यामुळे तो खरा असूनही हलका आणि कोमट लागतो. गार आणि जड लागला तर तो ऑनिक्स.

खाणींची नावं ऐकून हुरळू नका. ‘स्लीपिंग ब्यूटी’ ही ग्लोब गावाजवळची खाण. तिथला पिरोजा रेषा नसलेला, आकाशी. २०१२मध्ये तिथून पिरोजा काढणं थांबलं आणि तेव्हापासून प्रत्येक स्वच्छ निळ्या दगडाला तेच नाव चिकटवतात. ‘लँडर ब्लू’ सापडला १९७३मध्ये, तेव्हा ‘१९५०च्या अंगठीतला लँडर’ कुणी देऊ केला तर चहा पिऊन निघा.

आणि प्लास्टिक दिसलं की लगेच टाकाऊही ठरवू नका. मंदीच्या काळात आणि पुढेही केवा म्हणजे सँटो डोमिंगो प्युब्लो या गावातल्या कारागिरांनी काळ्या रंगासाठी जुन्या बॅटरीची खोकी आणि ग्रामोफोनच्या तबकड्या कापून वापरल्या. त्या माळांना आता संग्राहक चांगले पैसे मोजतात.

प्रश्न (पुणे) : चांदी काळी पडली आहे. घरातली बाकीची चांदी आम्ही चिंच, रिठा किंवा टूथपेस्टने उजळवतो. हे चालेल ना?

उत्तर : ताम्हण-निरांजनाला चालवा. या दागिन्याला तिन्ही वर्ज्य. शिंपला आणि पोवळं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चिंचेत, लिंबात ते विरघळू लागतं आणि वरची झळाळी पहिल्यांदा मरते. रिठ्याचं पाणीसुद्धा किंचित आम्लधर्मी असतं. टूथपेस्टमधली भुकटी मऊ शिंपल्यावर ओरखडे काढते आणि फटींत पांढरी बसून राहते. सराफांकडची बुडवायची बाटली, खायचा सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइलचा गरम पाण्यातला उपाय, अल्ट्रासोनिक यंत्र, वाफ, हे सगळं त्याच यादीत टाका.

पाणी आणखी एका कारणाने घातक आहे. कोंदणाच्या कित्येक जुन्या दागिन्यांत दगड वर उचलण्यासाठी खाली लाकडाचा भुसा किंवा पुठ्ठा भरलेला असतो. तो भिजून फुगला की दगड वर ढकलला जातो, कोंदण उघडतं किंवा दगड तडकतो.

करायचं एवढंच : मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. सुती कापडाचं टोक पाण्यात भिजवून घट्ट पिळा, त्यावर सौम्य साबणाचा एक थेंब घ्या, पुसा, लगेच कोरडं करा. चांदी उजळवायचं तयार कापड मिळतं, ते फक्त धातूच्या उंच भागावर फिरवा. ठशांच्या खोलगटातला काळा रंग कारागिराने गंधकाच्या रसायनाने मुद्दाम आणलेला असतो. तो काढला की नक्षी सपाट दिसते आणि भावही घसरतो. अत्तर, खोबरेल, सनस्क्रीन लावून झाल्यावरच दागिना घाला. राळ न भरलेला पिरोजा तेल पितो आणि हिरवट होतो, आणि ती निळाई परत येत नाही.

प्रश्न (मडगाव) : लाकडी कपाटात ठेवलेल्या पदकाच्या शिंपल्यावर पांढरी भुकटी येते. पुसली की महिन्याभराने पुन्हा.

उत्तर : पुन्हा येते, याचा अर्थ ती साबण किंवा पॉलिशची उरलेली नव्हे. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, ताजं व्हार्निश यांतून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटते. दमट हवेत ती शिंपल्याशी संयोग पावून क्षार तयार करते. संग्रहालयवाले याला ‘बाइनचा रोग’ म्हणतात. बाइन यांनी १८९९मध्ये त्याचं वर्णन केलं, पण दोष जीवाणूंवर ठेवला. आजही कुणी बुरशी समजून त्यावर औषध मारतं, त्याने काहीच साधत नाही. खण उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो का पाहा. भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, दागिना लाकडातून काढून पॉलिप्रोपिलीनच्या घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा स्टीलच्या कपाटात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी, जी पावसाळ्यात तापवून पुन्हा कोरडी करावी लागते. खड्डे पडलेला शिंपला पूर्ववत होत नाही. वाढ मात्र थांबते. डब्यात रबरबँड, लोकरीचं कापड आणि डांबराच्या गोळ्या नकोत.

प्रश्न (नाशिक) : जडावातला एक तुकडा निखळला आणि चांदीची पट्टी चिरली. आमचा सोनार ‘डाख देऊन टाकतो’ म्हणतो.

उत्तर : थांबवा त्याला. चांदीचा डाख वितळायला साधारण ६५० ते ७५० अंश लागतात. दगड धरून ठेवणारा इपॉक्सी गोंद त्याच्या कितीतरी आधी सुटतो, शिंपला आणि पोवळं जळून पांढरं पडतं, पिरोजा तडकतो. सोनाराचा हात चांगला असेल यात शंका नाही, पण आपल्याकडच्या कामात दगडाला धातू धरतो आणि इथे गोंद.

चिरेसाठी लेझर वेल्डिंग करणारा शोधा. मोठ्या शहरांच्या सराफ बाजारात ही यंत्रं आहेत, उष्णता टोकाएवढ्या जागेत राहते. तेही जमत नसेल तर आजूबाजूचे तुकडे काढून, क्रमांक घालून, मग डाख द्यावा लागेल.

तुकडा बसवणं घरीही जमतं. आधी फोटो काढा, तुकड्याची वरची बाजू पेन्सिलीने खूण करा. खाचेतला जुना गोंद लाकडी काडीने खरवडा, लोखंडी टोक नको. स्पिरिटचा किंचित ओला बोळा फिरवून वाळू द्या. दोन भागांचा सावकाश सुकणारा इपॉक्सी समसमान घेऊन फुगे न येतील असा हळू कालवा. पातळ थर द्या, तुकडा बसवा, वर आलेला गोंद सुकायच्या आत स्पिरिटने पुसा, चिकटपट्टीने धरून २४ तास हात लावू नका. क्षणात चिकटणारा गोंद वापरू नका : तो शिंपल्यावर पांढुरकी वाफ धरवतो, ठिसूळ असतो, आणि तुकडा वाकडा बसला तर सरळ करायला दुसरी संधी देत नाही.

बाकीचे तुकडेही तपासा. नखाने हलकेच टकटक करा, सैल तुकड्याचा आवाज पोकळ येतो.

प्रश्न (हुपरी, जि. कोल्हापूर) : आमचं काम चांदीचं. खाचा करून त्यात दगड भरण्याची ही पद्धत शिकायची आहे. पायऱ्या सांगाल का? विकता येईल का?

उत्तर : हिला चॅनल जडण म्हणतात. पाया साधारण ०.८ मिलिमीटरचा पत्रा. त्यावर नक्षी आखा. भिंतींसाठी ०.४ ते ०.५ मिलिमीटर जाडीच्या, दोन-अडीच मिलिमीटर उंचीच्या पट्ट्या वळवून उभ्या करा आणि कडक डाखाने जोडा. डाख भिंतीच्या पूर्ण लांबीला वाहिला पाहिजे. जिथे फट राहील तिथून पुढे पाणी शिरेल आणि तुकडा सुटेल. कडं असेल तर गोलाई याच टप्प्यावर द्या. दगड बसल्यावर वळवलं तर सगळी मेहनत टेबलावर सांडते. ठसे, कडा, कड्या, आम्लात धुणं, जे जे धातूचं ते आत्ताच उरका.

मग दगड. काप भिंतीपेक्षा अर्धा मिलिमीटर उंच ठेवा. लाखेने काडीवर चिकटवून २२०च्या हिऱ्याच्या चाकावर घासत खाचेत बसवून पाहा, पुन्हा घासा. खालच्या कडेला किंचित उतार दिला की तुकडा अडकत नाही. उजेडासमोर धरा : रेघ दिसली तर तुकडा बाद. ही शिस्त सोडून फट गोंदाने भरणारेच जास्त, आणि काम चांगलं की सुमार हे तिथेच कळतं. झुनींच्या चित्रजडणीत दोन दगडांमध्ये चांदीची भिंतही नसते, तिथे तर चूक लपवायला जागाच उरत नाही.

इपॉक्सीत काळी पूड किंवा दगडाचाच भुगा मिसळा, पूर्ण एक दिवस सुकू द्या. मग दगड आणि चांदी एकत्रच खाली आणा : २२०, ४००, ६००, १२००, सतत पाण्याखाली. पाण्याची दोन कारणं आहेत. तापलं तर गोंद मऊ होतो, आणि शिंपल्याची कोरडी धूळ फुप्फुसांना वाईट. मुखपट्टी तरीही लावा. खरी अडचण कठीणपणातल्या फरकाची : पिरोजा ५ ते ६, शिंपला-पोवळं साधारण ३.५, जेट त्याहूनही मऊ असू शकतो. दाब जास्त झाला की मऊ तुकडे खोल जातात आणि बोट फिरवताना पायरी लागते. हलका हात, ताजा कागद. शेवटी चामड्यावर सिरियम ऑक्साइड. चांदीचा काळा रस कच्च्या पिरोजाच्या छिद्रांत शिरतो, म्हणून पॉलिश थोडं थोडं करून मधे पुसत राहा.

१९७०च्या दशकात नवाहो कारागीर टॉमी सिंगर यांनी दगडांचा चुरा राळेत बसवण्याची सोपी, स्वस्त रीत लोकप्रिय केली. हात बसवायला तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

विक्रीचं म्हणाल तर तंत्र कुणाच्या मालकीचं नाही, नाव आहे. अमेरिकेत १९९०च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त जमातीच्या सदस्याने किंवा जमातीने प्रमाणित केलेल्या कारागिराने न केलेली वस्तू ‘नवाहो’ किंवा ‘झुनी’ म्हणून विकणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फिलिपिन्समध्ये करवून घेतलेला माल मूळ अमेरिकन रहिवाशांचा म्हणून विकल्याबद्दल २०१८मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका दुकानदाराला सहा महिन्यांची कैद झाली. सूर्यचेहरा आणि पंख पसरलेला पक्षी सोडा, जास्वंद किंवा मोर जडवा, आणि खाली ‘हुपरी’ असा ठसा मारा.

प्रश्न (ठाणे) : कडं सैल होतं. दाबून घट्ट करू?

उत्तर : जडावाचं असेल तर नाही, एकदाही नाही. गोलाई बदलली की तुकडे उडतात. खरेदीच्या वेळीच आतला घेर टोकापासून टोकापर्यंत टेपने मोजा, तोंडाची फट त्यात मिळवा आणि ती बेरीज मनगटाच्या घेराशी ताडून पाहा. फट सर्वसाधारणपणे अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. सैल कड्याला आतून मऊ चामड्याची पट्टी लावता येते. घालताना मनगटाच्या अरुंद बाजूवरून आधी एक टोक सरकवा, मग कडं फिरवून घ्या. दोन्ही टोकं ताणून घालत राहिलं की काही वर्षांनी पाठीवर बरोबर मध्यावर केसासारखी चीर दिसते.